भिंतीवर ‘लेव्हल १’, पावतीवर ‘टेस्ट ट्यूब बेबी’

परभणी जिल्ह्यातल्या एका वंध्यत्व उपचाराच्या सेंटरने आमच्याकडून २,९५,००० रुपये उकळले. आधी १,८५,००० ‘गॅरंटी पॅकेज’चे. मग ‘तुमची बीजं (स्त्रीबीजं) खराब निघाली, डोनर म्हणजे दुसऱ्या बाईची घ्या’ म्हणून १,१०,०००. सोयाबीन विकून आलेला पैसा होता तो.

पुरावा भिंतीवरच टांगलेला होता. नोंदणी प्रमाणपत्रावर ‘लेव्हल १’. २०२१ च्या एआरटी कायद्याप्रमाणे (मूल होण्यासाठीच्या कृत्रिम उपचारांचा कायदा) लेव्हल १ म्हणजे फक्त आययूआय, म्हणजे शुक्राणू नळीने गर्भाशयात सोडणं. बीजं काढणं, बाहेर गर्भ तयार करणं, तो गर्भाशयात सोडणं, साठवणं हे सगळं लेव्हल २ चं काम. इथे बाहेरून डॉक्टर आणून बीजं काढली! आता लोक विचारतात, वाचलं नाही का? रोज पोटात इंजेक्शनं चालू असलेली बाई आणि कर्जाच्या काळजीतला नवरा चौकटी वाचत बसतात का? तपासायचं काम सरकारचं आहे.

डोनरच्या वेळी तर एजंट उघड बोलला: “एका बाईची पंधरा बीजं काढू, दोन जोडप्यांत वाटू.” एका वाक्यात दोन गुन्हे. सातपेक्षा जास्त बीजं काढता येत नाहीत, आणि एका दात्याची बीजं एकाच जोडप्याला. दाता बाई २३ ते ३५ वयाची, आयुष्यात एकदाच देणारी, तिचा १२ महिन्यांचा विमा काढलेला, आणि ती नोंदणीकृत एआरटी बँकेकडूनच (दाते पुरवणारी संस्था) यायला हवी. एजंट आणतो म्हटला की उठून या.

‘बीजं खराब’ म्हणाले तर लेखी मागा: किती निघाली, किती पक्व, किती फळली, गर्भाची ग्रेड काय. आम्हाला यातला एकही कागद मिळाला नाही. काय उपचार केले ते लिहिलेलं डिस्चार्ज सर्टिफिकेट देणं त्यांच्यावर बंधनकारक आहे.

पोलीस म्हणाले, हे आरोग्य खात्याचं. आरोग्यवाले म्हणाले, मुंबईला लिहा. मुंबईला लिहिलं, तर तो अर्ज फिरून त्याच जिल्ह्यात! दोन-दोन लाख फी घेऊन लेव्हल २ ची नोंदणी देता ना? मग लेव्हल १ च्या दारात काय चाललंय ते बघायला एक माणूस मिळत नाही? या कायद्याखाली कोर्ट एआरटी बोर्डाच्या (देखरेखीचं सरकारी मंडळ) किंवा त्याने नेमलेल्या अधिकाऱ्याच्या तक्रारीशिवाय दखल घेत नाही. अधिकारी झोपला की पेशंट मेला, दुसरं काय.

म्हणून अर्ज लेखीच द्या, आवक शिक्का घ्या. सोबत जिल्हा ग्राहक आयोगात जा: दोन वर्षांच्या आत, आणि दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. कच्ची पावती घेऊ नका, पैसे खात्यावरूनच द्या. इंजेक्शनांची रिकामी खोकी टाकू नका, बॅच नंबरसकट फोटो काढून ठेवा.