माथेरान की पाचगणी: रुजायला कुठे सोपं?

माथेरानात मोटारी दस्तुरी नाक्यापाशीच थांबतात. पुढे लाल मातीतून पायपीट, घोडा, ई-रिक्षा किंवा १९०७ पासूनची छोटी रेल्वेगाडी. गॅसचं सिलिंडरसुद्धा घोड्याच्या पाठीवरून येतं! बहुतेक जण चालतात, म्हणून रोज तेच चेहरे समोर येतात. "काय, आज उशीर?" असं कुणी विचारू लागलं की समजावं, गावानं आपल्याला धरलं. पावसाळ्यात पर्यटक ओसरल्यावर तर ओळखी अधिकच घट्ट होतात.

पाचगणीत निवासी शाळा आहेत, त्यामुळे शिक्षकांना काम मिळतं आणि नवख्याला सहज सामावून घेतात. पण सुट्टी लागली की मुलं जातात, शिक्षकही बदलतात.

पोटापाण्यासाठी पाचगणी बरी. जीव लावायला मात्र माझं मत माथेरानलाच.