नॉमिनी हयात नसताना मृत्युदावा : सोलापुरातील एका विमा शाखेची सेवा कशी आहे?

सोलापुरातील एका जीवन विमा कंपनीच्या शाखेतून माझ्या मामांच्या मृत्युदाव्याची रक्कम नुकतीच वारसांच्या खात्यांत जमा झाली. त्या शाखेच्या दावा विभागाला मी पाचपैकी तीन गुण देतो. नॉमिनी हयात असेल आणि कागद सरळ असतील, तर या शाखेबद्दल तक्रारीला जागा नाही. शेजारच्या एका काकूंचा दावा त्यांनी विनासायास मंजूर केल्याचे मी पाहिले आहे. नॉमिनीच विमेदाराच्या आधी वारलेला असेल, तर मात्र काउंटरवर तोंडी मिळणाऱ्या माहितीवर विसंबू नये आणि काय काय लागेल ते लेखी मागावे, असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

मामा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात मागांवर देखरेख करणारे जॉबर होते. पॉलिसीवर नॉमिनी म्हणून मामींचे नाव होते. मामी आधी गेल्या आणि नॉमिनी बदलायचे राहून गेले. मामांच्या मागे एक मुलगा, लग्न झालेल्या दोन मुली आणि मामांची आई, म्हणजे माझी आजी, एवढी माणसे उरली. मृत्युपत्र नव्हते.

काउंटरवर पहिल्या वेळी सांगण्यात आले, “मुलगा एकच आहे ना, मग त्याच्याच नावाने फॉर्म भरा, बहिणींचे नंतर बघू.” पुढच्या वेळी त्याच खिडकीवर बसलेल्या दुसऱ्या कर्मचाऱ्याने फाइल न उघडताच, “नॉमिनी नाही म्हणजे कोर्टातून सक्सेशन आणा, त्याशिवाय काही होत नाही,” (सक्सेशन म्हणजे वारसाहक्काचे न्यायालयीन प्रमाणपत्र, सक्सेशन सर्टिफिकेट) असे सांगून आम्हाला वाटेला लावले. पहिले उत्तर चुकीचे होते आणि दुसरे अर्धवट. आजीचे नाव तर दोघांपैकी एकानेही काढले नाही.

विमा कायदा 1938 च्या कलम 39 मध्ये याबाबत संदिग्धता नाही. पॉलिसीची रक्कम देय होण्याआधीच नॉमिनी वारला असेल, तर ती रक्कम विमेदाराच्या वारसांना, कायदेशीर प्रतिनिधींना किंवा सक्सेशन सर्टिफिकेट धारण करणाऱ्याला मिळते. नॉमिनी एकापेक्षा जास्त असतील आणि त्यांतला एक जरी मागे उरला असेल, तरी रक्कम त्या हयात नॉमिनीकडे जाते आणि हा प्रश्न उद्भवतच नाही. आईवडील, पती किंवा पत्नी आणि मुले यांपैकी कोणी नॉमिनी असेल, तर 2015 च्या दुरुस्तीनंतर तो केवळ पैसे स्वीकारणारा न राहता स्वतः हक्कदार ठरतो. म्हणून असा नॉमिनी विमेदारानंतर, पण पैसे हाती पडण्यापूर्वी वारला, तर रक्कम विमेदाराच्या नव्हे, तर त्या नॉमिनीच्या वारसांकडे जाते. आधी कोण गेले, यावर सगळे अवलंबून असल्यामुळे महापालिकेचे दोन्ही मृत्यू दाखले जोडावे लागतात. आमच्या मामींच्या दाखल्यावरचे नाव आणि पॉलिसीवरचे नाव यांत शेवटच्या ‘बाई’ एवढाच फरक होता, तरी दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र करावे लागले.

आता वारस कोण, हे विमा कंपनी ठरवत नाही, तर मृताला लागू असलेला वारसा कायदा ठरवतो. हिंदू उत्तराधिकार कायदा 1956 नुसार मृत्युपत्र न करता वारलेल्या पुरुषाच्या पहिल्या वर्गातील, म्हणजे सर्वांत आधी हक्क असलेल्या, वारसांत मुलगा, मुलगी आणि विधवा यांच्याबरोबर आईही येते, आणि तिचा वाटा मुलांएवढाच असतो. (वडील मात्र दुसऱ्या वर्गात आहेत, हे पुष्कळांना ठाऊक नसते.) त्यामुळे 4 लाख 80 हजारांचे चार समान भाग होऊन आजीच्या वाट्याला 1 लाख 20 हजार रुपये आले. काउंटरचे ऐकून मामेभावाने एकट्याने फॉर्म भरला असता, तर वयाच्या या टप्प्यावर आजीचा हक्क परस्पर बुडाला असता, आणि तोही कोणाच्या मनात पाप नसताना.

विमेदार स्त्री असेल, तर गणित याहून वेगळे आहे आणि माझ्या मते अन्यायाचे आहे. विडी वळून स्वतःच्या कमाईतून हप्ते भरणारी एखादी निपुत्रिक विधवा मृत्युपत्र न करता वारली आणि तिचा नॉमिनी हयात नसेल, तर हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम 15 प्रमाणे तिच्या रकमेवर आधी नवऱ्याच्या वारसांचा हक्क येतो; तिच्या स्वतःच्या आईवडिलांचा क्रम त्यानंतर लागतो. मुस्लिम कुटुंबांत मुस्लिम वैयक्तिक कायद्याप्रमाणे वाटे पडतात. निरनिराळ्या समाजांच्या या शहरात काउंटरवर सगळ्यांना एकच ठोकळेबाज उत्तर देणे म्हणूनच धोक्याचे आहे.

शाखेला मी दिलेल्या गुणांतले बहुतेक दावा विभागाच्या अधिकारी बाईंचे आहेत. त्यांनी फाइल पूर्ण वाचली, मामांच्या आई आहेत का हे स्वतःहून विचारले आणि आवश्यक कागदांची यादी शिक्क्यासह लिहून दिली. वारसांत वाद नसेल आणि रक्कम कंपनीने ठरवलेल्या मर्यादेत असेल, तर न्यायालयाच्या प्रमाणपत्राचा आग्रह सोडण्याची सवलत असते आणि त्यासाठी वरच्या कार्यालयाची मंजुरी घ्यावी लागते, हे आम्हाला प्रथम त्यांच्याकडून कळले. ही मर्यादा प्रत्येक कंपनीची वेगळी असते. त्या बदल्यात सर्व वारसांचे प्रतिज्ञापत्र, स्टॅम्प पेपरवर नुकसानभरपाईचे हमीपत्र, जामीनदार आणि प्रत्येकाचा रद्द केलेला धनादेश द्यावा लागला. शाखा पहिल्या मजल्यावर असून लिफ्ट नाही. आजीला जिना चढवेना, तेव्हा या बाई शाईचे पॅड घेऊन खाली आल्या, रिक्षात बसलेल्या आजीला मजकूर वाचून दाखवला आणि मगच तिचा अंगठा घेऊन साक्षांकित केला.

वारसांत एकमत नसेल, तर ही सवलत विसरावी. मृत व्यक्ती जिथे राहत होती, तिथल्या न्यायालयात सक्सेशन सर्टिफिकेटसाठी भारतीय उत्तराधिकार कायदा 1925 खाली अर्ज करावा लागतो. नोटिसा निघतात, हरकतींसाठी मुदत जाते आणि रकमेच्या प्रमाणात कोर्ट फी भरावी लागते. सेतूतून मिळणारा वारस दाखला आणि न्यायालयाचे हे प्रमाणपत्र यांची गल्लत काउंटरवरही सर्रास होते. प्रमाणपत्रधारकाला सद्भावनेने पैसे दिले की कंपनीची जबाबदारी संपते, पण इतर वारसांचा त्याच्याकडून आपला वाटा मागण्याचा हक्क त्यामुळे संपत नाही.

मुदतीच्या बाबतीत शाखेला दोष देता येणार नाही. विमा नियामक प्राधिकरणाच्या 2024 च्या निर्देशांप्रमाणे तपासाची गरज नसलेला मृत्युदावा 15 दिवसांत आणि तपास लागणारा 45 दिवसांत निकाली निघायला हवा. आमचा शेवटचा कागद पोहोचल्यानंतर रक्कम मुदतीत आली. वेळ गेला तो त्याआधी, काउंटरवरच्या उलटसुलट सांगण्यात, आणि तो कोणत्याही मुदतीत मोजला जात नाही. एक गुण मी त्याबद्दल कापला आहे. दुसरा गुण कापण्याचे कारण असे की नॉमिनी हयात नसल्यास लागणाऱ्या कागदांचा साधा फलकही शाखेत नाही; तो मराठीबरोबर तेलुगू आणि कन्नडमध्येही असता, तर शहराच्या पूर्व भागातून येणाऱ्या कितीतरी लोकांचे हेलपाटे वाचले असते. अशी सूचना मी शाखाधिकाऱ्यांकडे लेखी दिली आहे. कंपनीने तक्रारीची दाद घेतली नाही, तर नियामक प्राधिकरणाचे विमा भरोसा हे तक्रारींचे पोर्टल आहे आणि त्यापुढे पुण्याच्या विमा लोकपालांचे कार्यालय आहे. मात्र वारसांचा आपसातला तंटा सोडवण्याची ती जागा नव्हे.

जाता जाता याच शाखेतील नॉमिनी बदलण्याच्या सेवेविषयी. मामेभावाच्या स्वतःच्या पॉलिसीवरही वडिलांचेच नाव होते. त्याने मूळ पॉलिसी आणि भरलेला फॉर्म दिला, तेव्हा पत्नी आणि (आई नसल्याने) आजी अशी दोन नावे टक्केवारीसह घालता येतात, हे काउंटरवरच्या आधीच्या त्या दोघांपैकी एका कर्मचाऱ्याने या खेपेस नीट समजावून सांगितले. कंपनीकडे नोंद झाल्याशिवाय बदल लागू होत नाही, त्यामुळे नुसती पोच घेऊन परतू नये; नोंदीचे पत्र मागून घ्यावे आणि त्यातले नाव आधार कार्डाशी अक्षरन् अक्षर ताडून पाहावे. त्याच्या पत्रात आजीचे नाव चुकीचे छापले होते, ते तिथल्या तिथे दुरुस्त करून मिळाले.