रानातल्या घराला सोलर: ट्यूब्युलर बॅटरी घ्यावी की लिथियम?

घरापर्यंत महावितरणची तार आलेली असेल तर या प्रश्नात पडूच नका. अशा घराने ग्रिडला, म्हणजे त्या तारेला जोडलेलं रूफटॉप सोलर बसवावं. पीएम सूर्यघर योजनेतलं जास्तीत जास्त ७८,००० रुपयांचं अनुदान त्यालाच आहे, आणि पाटण तालुक्यातली मान्याचीवाडी याच वाटेने २०२४ साली राज्यातलं पहिलं सौरग्राम ठरली. अडचण एवढीच की लाइट गेली की साधं ऑनग्रिड इन्व्हर्टरही थांबतं.

पुढचं सगळं ज्यांच्या दारात खांबच नाही त्यांच्यासाठी आहे. जतच्या माळावरची वस्ती, माणमधलं रानातलं घर, कोयनेच्या बाजूचा एखादा धनगरवाडा.

आधी ऊन मोजा, पण जुलैचं

विषुववृत्तावर, म्हणजे युगांडा-केनियाच्या पट्ट्यात, दिवस बारा महिने जवळपास १२ तासांचा असतो. तिथे ऊन कमी होतं ते ढगांमुळे, हिवाळ्यामुळे नाही. साताऱ्याचा अक्षांश साधारण १७.७ आणि सांगलीचा १६.९. आपला दिवस डिसेंबरात ११ तासांचा, जूनमध्ये १३ तासांचा. म्हणजे आपलीही गत बरीचशी तिथल्यासारखीच. डिसेंबरात स्वच्छ ऊन मिळतं आणि दिवस सगळ्यात मोठा असतो त्याच सुमारास आभाळ झाकतं. वर्षाची सरासरी चौरस मीटरला रोज ५ ते साडेपाच युनिट येते. त्या सरासरीवर सिस्टीम बेतली की पावसाळ्यात घर अंधारात बसतं.

एक साधं घर घेऊ. चार एलईडी बल्ब, दोन कमी वीज खाणारे बीएलडीसी पंखे, संध्याकाळचा टीव्ही, मोबाईल आणि राउटर मिळून रोज १ युनिट. तारा, उष्णता, इन्व्हर्टर आणि बॅटरीतली घट धरता पॅनलच्या विजेतली ६५ टक्के हाती लागते असं मानू. एप्रिलमध्ये साडेसहा तासांच्या पूर्ण उन्हावर (म्हणजे चौरस मीटरला दिवसाला साडेसहा युनिट) २४० वॉटचं पॅनल पुरेसं दिसतं. जुलैत सातारा-सांगलीच्या पूर्व भागात (जत, आटपाडी, माण, खटाव) ४ तास धरले तर ३८५ वॉट लागतात. पाटण, जावळी, महाबळेश्वर, शिराळ्याचा पश्चिम भाग इथे मी अडीच तासच धरेन, म्हणजे ६१५ वॉट. त्याच घराला, त्याच विजेसाठी. एकीकडे वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि दुसरीकडे पाच हजारांच्या वर, मग हिशोब एक कसा राहील? माझं म्हणणं, पूर्वेला ५४० वॉटचं एक पॅनल लावा, घाटाकडे दोन.

आता बॅटरी

ट्यूब्युलर ही लेड-ॲसिड बॅटरी. तिची १२ व्होल्ट १५० अँपिअर-अवरची जोडी म्हणजे ३.६ युनिटचा साठा. तो निम्म्याच्या खाली उतरवायचा नसतो, म्हणून हाती १.८ राहतात, आणि इन्व्हर्टरची घट गेली की दीड युनिटच्या आसपास. लिथियम, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट, २५.६ व्होल्ट १०० अँपिअर-अवरची घेतली तर साठा २.५६ युनिट, पण त्यातला ८० टक्के बिनधास्त वापरता येतो. म्हणजे आकडा लहान असूनही हाती थोडी जास्तच वीज लागते.

खरा फरक पावसाळ्यात पडतो, आणि तो दुकानात क्वचितच कोणी सांगतं. लेड-ॲसिड बॅटरी अर्धवट भरलेली राहिली की तिच्या प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं आणि क्षमता कायमची जाते. घाटाकडच्या गावात आठवडाभर आभाळ हटत नाही. रोज थोडी भरते, रात्री रिकामी होते, पूर्ण कधीच भरत नाही. असे दोन-तीन पावसाळे ट्यूब्युलरला खूप जड जातात. लिथियमला अर्धवट राहण्याचा त्रास नाही. म्हणून घाटाकडच्या घराला मी ट्यूब्युलर सुचवणारच नाही, मग ती कितीही स्वस्तात मिळो.

जत, आटपाडी, माण, खटावचं उत्तर वेगळं आहे. तिथे पॅनल पुरेसं असेल तर ट्यूब्युलर बहुतेक दिवस पूर्ण भरते. विट्यात किंवा कराडात बिघाड बघणारा माणूस सापडतो आणि जुनी बॅटरी मोडीत दिली तर पैसे येतात. लिथियमचा बीएमएस, म्हणजे बॅटरी सांभाळणारं सर्किट बिघडलं तर कंपनीकडेच जावं लागतं. मात्र उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत ठेवलेली ट्यूब्युलर लवकर म्हातारी होते आणि डिस्टिल्ड वॉटर वेळेवर घालणारं कोणीतरी घरात लागतं. घर महिनोन्महिने बंद असेल तर पूर्वेलाही लिथियमच घ्या.

किमतीचा हिशोब असा करा. ट्यूब्युलर निम्म्यापर्यंत उतरवून १,५०० वेळा चालली तर आयुष्यभरात २,७०० युनिट देते. लिथियम ८० टक्के उतरवून ३,००० वेळा चालली तर ६,१०० च्या वर. म्हणजे लिथियमचा भाव जोडीच्या सव्वादोन पटीपर्यंत असला तरी युनिटमागे ती महाग पडत नाही. कोटेशन हातात घ्या आणि भागाकार करा. वॉरंटीच्या कागदावर किती वर्षं, किती सायकल (भरण्या-उतरवण्याच्या फेऱ्या) आणि किती टक्के क्षमता लिहिली आहे तेही वाचा. तोंडी आश्वासन धरू नका.

पैसे थोडे उरले तर आधी पॅनल वाढवा, बॅटरी नंतर. ट्यूब्युलरच्या या जोडीला १५ अँपिअरच्या आसपास चार्जिंग हवं, म्हणजे ४०० वॉट तरी सतत. पॅनल तेवढंच ठेवून चार बॅटऱ्या जोडल्या तर चारही उपाशी राहतात.

काही गोष्टी दोन्हीकडे सारख्याच. इन्व्हर्टरमध्ये लिथियमची सेटिंग आहे का ते बॅटरीआधी बघा. लेड-ॲसिडच्या चार्जिंगवर लिथियम लावू नये. ट्यूब्युलर झोपायच्या खोलीत नको, भरताना तिच्यातून हायड्रोजन निघतो. वळवाच्या विजा आणि वनकुसवडे पठारावर पवनचक्क्या फिरवणारा पावसाळी वारा ध्यानात घेऊन अर्थिंग, सर्ज प्रोटेक्टर आणि स्ट्रक्चरचं फाउंडेशन पक्कं करा. पॅनल दक्षिणेकडे १० ते १५ अंशच कलतं ठेवा, कारण मेच्या मध्यापासून जुलै संपेपर्यंत दुपारचा सूर्य किंचित उत्तरेला असतो. विहिरीची मोटर या बॅटरीवर कधीच चालवू नका. तिच्यासाठी बिनबॅटरीचा सौर पंप वेगळा घ्यावा.