नॅशव्हिलमध्ये एकच रात्र: रायमन की ऑप्री हाउस?

नॅशव्हिल म्हणजे अमेरिकेतल्या कंट्री संगीताचं, म्हणजे तिथल्या ग्रामीण लोकसंगीतातून आलेल्या गाण्यांचं माहेरघर; रायमन आणि ऑप्री हाउस ही इथली दोन सभागृहं. कंट्री संगीताच्या चाहत्याने आधी एवढंच ठरवावं: एका गायकाला मनसोक्त ऐकायचंय, की अख्खी परंपरा एका बैठकीत अनुभवायचीय?

रायमन १८९२ सालचं, मुळात प्रार्थनागृह. आजही बसायला लाकडी बाकं आहेत आणि दोन जागांमध्ये हाताचा टेकू नाही. गर्दीच्या रात्री खांद्याला खांदा लागतो, पाठ अवघडते. घडी घातलेलं जॅकेट खाली घ्यावं. खरी फसगत तळमजल्यावर होते. बाल्कनी पेलणारे खांब मागच्या काही जागांच्या आड येतात, म्हणून तिकीट काढताना ‘दृश्य अडलेलं’ ही सूचना नीट वाचा. बाल्कनीतल्या मधल्या पुढच्या रांगा सर्वांत उत्तम. जेमतेम अडीच हजारांची ही जागा, त्यामुळे फिडलवर (व्हायोलिनवर) गज टेकल्याची खरखरही कानी येते.

ऑप्री हाउस १९७४ सालचं, शहराच्या मध्यापासून बरंच लांब. परतीच्या गाडीची सोय आधीच करा. सुमारे ४,४०० जागा. ऑप्री हा अनेक कलाकारांचा जुना कंट्री रेडिओ कार्यक्रम, इथून त्याचं थेट प्रक्षेपण होतं: मध्ये निवेदक जाहिराती वाचतो, प्रत्येक कलाकार दोन-तीनच गाणी म्हणतो. एकाच लाडक्या गायकासाठी आलेला माणूस म्हणूनच हिरमुसतो. पण ऑप्री आधी रायमनला व्हायचा, आणि तिथल्या रंगमंचाच्या ओकच्या लाकडाचा गोल तुकडा इथल्या रंगमंचाच्या मधोमध बसवलाय. नवखा गायक त्यावर पहिल्यांदा उभा राहतो तेव्हा सभागृह हमखास उठून टाळ्या वाजवतं.

पहिल्यांदाच जात असाल तर ऑप्री. आवडता गायक रायमनला असेल, तर बिनदिक्कत रायमन.