आडरस्त्यांवरच्या मोटरसायकल रॅलीवर लेखापरीक्षकाचा शेरा

नोकरीने मी लेखापरीक्षक. सत्तावीस वर्षं दुसऱ्यांच्या व्हाउचरला पावती जोडली आहे का, हे बघत आले. त्यामुळे ज्या रॅलीच्या नियमपुस्तकात पहिल्याच पानावर 'पुरावा नाही तर गुण नाहीत' असं ठळक छापलंय, तिथे पहिल्याच ठिकाणी मी बिनपुराव्याचा फोटो काढला, हे कबूल करूनच पुढे लिहिते. मागच्या सीटवर बसलेला भाचा त्यावर जे बोलला ते इथे लिहिण्यासारखं नाही.

प्रकार काय आहे ते आधी. ही शर्यत नाही. आदल्या संध्याकाळी तुमच्या हातात एक पुस्तिका पडते. तिच्यात ३८ ठिकाणं, प्रत्येकाचे अक्षांश-रेखांश, एक कोडं किंवा सूचना आणि गुण. कुठे १०, कुठे थेट १५०. सकाळी सातला निघायचं, दुपारी तीनला परत. सगळी ठिकाणं होणार नाहीत हे त्यांनाही ठाऊक असतं, तुम्हालाही. कुठली सोडायची हाच खेळ. प्रत्येक ठिकाणी रॅलीचा झेंडा, म्हणजे तुमचा क्रमांक छापलेला हातरुमालाएवढा कापडी तुकडा, फोटोत दिसला पाहिजे, आणि वेळ व ओडोमीटरचा आकडा नोंदतक्त्यात लिहिला पाहिजे. तीननंतर प्रत्येक मिनिटाला १० गुण कापतात. साडेतीननंतर आलात तर आलाच नाहीत.

या खेळाचं थोरलं भावंड म्हणजे अमेरिकेतली आयर्न बट रॅली. १९८४ मध्ये पहिल्यांदा झाली, ११ दिवस चालते, आणि त्यात लोक साधारण ११,००० मैल, म्हणजे १७,००० किलोमीटरच्या वर गाडी हाणतात. तिथेही पुस्तिका, झेंडा, फोटो हेच तंत्र. पूर्वी पोलरॉइड कॅमेऱ्याने काढलेले फोटो लागायचे. आपल्यासारख्या सोमवारी कामावर जायचं असलेल्यांसाठी आठ तासांची ही धाकटी आवृत्ती पुरे.

माझी गाडी साधी आहे. ३५० सीसी, एक सिलिंडर, वजन १८० किलोच्या आसपास. आवारात मोठमोठ्या, तीन-तीन पेट्या लावलेल्या गाड्या उभ्या होत्या, त्या बघून भाचा जरा हिरमुसला. मी म्हटलं, अरे, आडरस्त्यावर हलकी गाडी वळवायला बरी. हे वाक्य दुपारी मलाच नडलं, पण ते पुढे.

खरी रॅली आदल्या रात्री खोलीत झाली. जमिनीवर नकाशा, भाच्याच्या मांडीवर लॅपटॉप. तो संगणकशास्त्र शिकतो, त्यामुळे मला ऐकवलं की याला 'ओरिएंटियरिंग प्रॉब्लेम' म्हणतात: ठरलेल्या वेळात कुठल्या जागा, कुठल्या क्रमाने घेतल्या तर गुण जास्तीत जास्त. नुसती बारा ठिकाणं निवडली तरी ती घ्यायचे ४७,९०,०१,६०० क्रम होतात म्हणे. त्याने काहीतरी प्रोग्रॅम चालवला आणि ३४० किलोमीटरचा, सतरा ठिकाणांचा, अगदी देखणा मार्ग काढून दाखवला.

मी कागद ओढला. प्रत्येक थांब्याला गाडी लाव, हातमोजे काढ, झेंडा काढ, फोटो काढ, वेळ लिही, आकडा लिही, झेंडा आत, मोजे हातात. चार मिनिटांच्या आत होत नाही. सतरा थांबे, ६८ मिनिटं. पेट्रोलला दहा. विश्रांतीचा बोनस घ्यायचा तर तीस. आठ तासांची ४८० मिनिटं, त्यातून १०८ वजा जाता राहिली ३७२. असल्या रस्त्यावर ताशी ४५ ची सरासरी पडली तरी खूप. म्हणजे २७९ किलोमीटर.

"मावशी, तू ४५ नेच चालवणार आहेस का?"

"हो."

मार्गातले वरचे ६१ किलोमीटर कमी करायला आम्हाला रात्रीचे साडेअकरा वाजले. १५० गुणांचं ते डोंगरापलीकडचं ठिकाण मी खोडलं तेव्हा पोरगं पाच मिनिटं बोललं नाही.

सकाळी पहिलं ठिकाण म्हणजे एक जुनी पाणचक्की. कोवळं ऊन, दगडी भिंतीला शेवाळ, ओलं लाकडी चाक. मी भान हरपून फोटो काढला. अकरा किलोमीटर पुढे दुसऱ्या ठिकाणी टँक बॅगेतून झेंडा काढला तेव्हा लक्षात आलं की तो बॅगेतून पहिल्यांदाच बाहेर येतोय. परत जायचं तर २२ किलोमीटरचा हेलपाटा, आणि गुण ४०. नाही गेलो. त्यानंतर भाच्याने झेंड्याला दोरी बांधून तो गळ्यात घातला आणि दिवसभर तसाच बसला.

आता या रॅलीतलं मला सगळ्यात आवडलेलं. पुस्तिका लिहिणाऱ्याने कोडी अशी घातली होती की खोगीरावर बसून ती सुटूच नयेत. 'निसर्गरम्य आडरस्ते' असं जाहिरातीत सगळेच लिहितात. प्रत्यक्षात गाडी चालवणाऱ्याला निसर्ग किती दिसतो? ६० च्या वेगाला सेकंदाला जवळजवळ १७ मीटर रस्ता पायाखालून जातो. दोन सेकंद दरीकडे बघितलंत की ३३ मीटर आंधळे. आंधळ्या वळणावर तर रस्त्याच्या दोन्ही कडा जिथे मिळाल्यासारख्या दिसतात, त्या टोकावरच नजर ठेवायची. ते टोक आपल्याकडे सरकत आलं तर वळण आवळतंय, वेग आणखी कमी. लांब पळायला लागलं तर वळण उलगडतंय. दिवसभर मी त्या टोकांकडे बघत होते. डोंगर, नदी वगैरे मागे बसलेल्याने इंटरकॉमवरून सांगितलं.

म्हणून उतरायला लावणारी कोडी हवीत. आठव्या क्रमांकाचं ठिकाण एक दगडी पूल होता, ९० गुण, प्रश्न एवढाच: 'पुलाला कमानी किती?' रस्त्यावरून वाकून मोजल्या, पाच. आमच्या आधी आलेली जोडी कठड्याशी उभी राहून, मोजून, दोन मिनिटांत निघूनही गेली. भाचा म्हणाला, चल. मला मात्र ९० गुण फार वाटले. पाच मोजायचे ९० कोण देतं? व्हाउचरवरची रक्कम कामापेक्षा मोठी दिसली की मी जागची हलत नाही.

पुलाच्या डाव्या टोकाला गवतातून खाली जाणारी पायवाट होती. रायडिंगच्या बुटांनी ती उतरणं म्हणजे बादल्या पायात घालून चालणं. हेल्मेट हातात, जॅकेटमध्ये घामाच्या धारा. खाली पोचल्यावर पाणी उजवीकडच्या तीन कमानींतूनच वाहताना दिसलं. पुढच्या दोन कोरड्या. आणि त्यांच्याही पलीकडे, भरावाला टेकून, दगडांची एक वळलेली ओळ जमिनीतून जेमतेम वीतभर वर आलेली. नदीने सरकताना मागे टाकलेल्या गाळाने बुजलेली सहावी कमान. तिच्या माथ्याचा दगड बाकीच्या पाचांसारखाच, पाचरीच्या आकाराचा, फक्त तो माझ्या गुडघ्याच्या उंचीवर होता. त्याच्यावर हात ठेवला तर गार लागला. वरून भाचा ओरडत होता, "मावशी, चौदा मिनिटं झाली!" झेंडा त्याच्याच गळ्यात, तेव्हा त्यालाही खाली यावं लागलं. त्या चौदा मिनिटांचं मला जराही वाईट वाटलं नाही.

विश्रांतीच्या बोनसबद्दलही आयोजकांना पैकीच्या पैकी. एकाच जागी तीस मिनिटं गाडी उभी ठेवायची, सुरुवातीचा आणि शेवटचा असे दोन फोटो, ६० गुण. आयर्न बटमध्येही विश्रांतीला गुण असतात. लांब पल्ल्याच्या चालकाला सक्तीने थांबवायला त्याहून चांगली लाच नाही. आम्ही झाडाखाली आडवे झालो. भाचा घोरला.

आता तक्रार, आणि ती मोठी आहे. पुस्तिकेत सगळे अक्षांश-रेखांश दशांशात होते. बावीस क्रमांकाच्या ठिकाणाचा अक्षांश मात्र कुणीतरी अंश-कलांमधून तसाच उचलून दशांशात छापला. म्हणजे १२ कला (एका अंशाच्या ६० कला), ज्यांचा दशांश ०.२० व्हायला हवा, तिथे ०.१२. वाचायला फरक क्षुल्लक. पण अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर, तेव्हा ०.०८ चा फरक म्हणजे जवळजवळ ९ किलोमीटर. 'घंटेचा मनोरा' शोधत आम्ही जंगलातल्या कच्च्या रस्त्याच्या टोकाला पोचलो. तिथे लाकडांची एक रास होती आणि आमच्यासारखेच चार मूर्ख. एकमेकांकडे बघून सगळे हसलो, हे खरं. पण पाऊण तास गेला तो गेला.

माझी गाडीही तिथेच पडली. उतारावर, अरुंद रस्त्यात, वळवताना, वेग शून्य. क्लच सोडला, पुढचा ब्रेक दाबला, पाय टेकवायला गेले तर खाली जमीनच नाही, चर. हलक्या गाडीचं कौतुक तिथे संपलं. लागलं नाही कुणाला. उजव्या कुशीवर पडली होती, म्हणून आधी साइड स्टँड उघडला, गिअरमध्ये आहे ना ते पाहिलं, गाडीकडे पाठ केली, उकिडवी बसले आणि पायांच्या जोरावर मागे रेटत उभी केली. कमरेने उचलायला जाऊ नका. एक आरसा सैल झाला, एवढंच.

दुरुस्तीचा संदेश आयोजकांनी १०.४० ला फोनवर पाठवला होता म्हणे. दरीत नेटवर्क नव्हतं, तो आम्हाला दीड वाजता डोंगरमाथ्यावर मिळाला. म्हणजे सकाळी जे उंचावर होते त्यांना बरोबर पत्ता कळला आणि आम्ही लाकडं मोजत बसलो. स्पर्धा सुरू झाल्यावर चुकीचं ठिकाण सापडलं तर ते सगळ्यांसाठी रद्द करावं, हे मी संध्याकाळी शांतपणे सांगितलं. उत्तर मिळालं, नियम १४, आयोजकांचा निर्णय अंतिम. माझा शेरा कायम आहे: ३८ ठिकाणांची यादी छापायला जाण्याआधी दुसऱ्या माणसाने प्रत्येक आकडा नकाशावर टाकून बघायला एक संध्याकाळ पुरते.

परत आलो २.५१ ला. नऊ मिनिटं हातात. जाताना कितीतरी गाड्या धूळ उडवत आम्हाला मागे टाकून गेल्या होत्या, त्यातल्या काही ३.१० नंतर आल्या. मी भाच्याकडे बघितलं नाही. त्यानेही माझ्याकडे बघितलं नाही.

गुणतपासणीचं टेबल म्हणजे माझं माहेर. दोन स्वयंसेवक, समोर छापील यादी, एकेक फोटो मोठा करून बघतात: झेंड्यावरचा क्रमांक वाचता येतो का, फोटोची वेळ आणि लिहिलेली वेळ जुळते का. आमच्या टेबलावर पांढऱ्या मिशांचे एक गृहस्थ होते. पाणचक्कीचा फोटो बघून म्हणाले, "वा, सुंदर! झेंडा कुठाय?" मी काहीच बोलले नाही. त्यांनी शून्य लिहिलं, अगदी प्रेमाने. तेराव्या ठिकाणाला ओडोमीटरचा आकडा लिहायचा राहिला होता, तिथे १० गेले. "ताई, रकाना रिकामा आहे," असं मला कुणी म्हणण्याची आयुष्यातली ही पहिली वेळ.

मग पूल. "कमानी किती?"

"सहा."

त्यांनी मान वर केली, माझ्या चिखलाने भरलेल्या बुटांकडे पाहिलं आणि न बोलता ९० लिहिले. एकसष्ट गाड्यांपैकी सहा लिहिणारे आम्ही धरून नऊ जण, हे नंतर कळलं. आमचा नंबर चोविसावा. जंगलातला पाऊण तास आणि चक्कीचे ४० हातात असते तर कितवा आला असता, हे भाच्याने लॅपटॉपवर काढून ठेवलंय. मी विचारलेलं नाही.

जाणार असाल तर दोनच गोष्टी सांगते. मागे बसणारा सोबती असेल तर दोघांमध्ये इंटरकॉम हवाच, चालवणाऱ्याने पडद्याकडे बघायचं नाही. आणि पुस्तिका हातात पडल्या पडल्या सगळी ठिकाणं नकाशावर टाका. जे एकटंच भलतीकडे पडलेलं दिसेल, त्याबद्दल त्याच रात्री विचारा. आम्ही विचारलं असतं तर लाकडांची रास बघायची वेळ आली नसती, तेव्हा तेवढा दोष माझ्याही खात्यावर.

पाचपैकी चार तारे. एक तारा बावीस क्रमांकाचा.

दुसऱ्या दिवशी घरी निघताना वाट थोडी वाकडी करून पाणचक्कीपाशी गेलो. झेंडा आदल्या संध्याकाळीच परत द्यावा लागला होता. चाक फिरत होतं, पाणी फळ्यांवरून सांडत होतं, आवाज बराच होता. काल ते फिरत होतं का, असं मी भाच्याला विचारलं. त्यालाही आठवेना.