कोलाडचं राफ्टिंग: पैसे वसूल, पण नदीची गोष्ट कोणी सांगत नाही

आमच्या परळच्या ग्रुपने एकदाचं रोह्याजवळच्या कोलाडला कुंडलिका नदीवरचं राफ्टिंग केलं. कंपनीचं नाव लिहीत नाही, एकतर पॅकेज सगळ्यांचं जवळपास सारखंच असतं आणि दुसरं म्हणजे खाली थोड्या तक्रारीपण आहेत. आधी चांगलं सांगतो. राफ्टिंग जाम भारी! हेल्मेट, लाइफ जॅकेट स्वतः चेक करून बांधतात, सुरुवातीला संथ पाण्यात पॅडल मारायला शिकवतात, पोहता येत नसलं तरी चालतं. पट्टा बारा-तेरा किलोमीटरचा, रॅपिड्स ग्रेड दोन-तीनचे, म्हणजे बोंबलायला होतं पण घाबरायचं कारण नाही.

आता मुद्दा. फोनवर बजावून सांगतात की सकाळी पाणी सुटतं तेव्हाच राफ्ट निघते, उशीर केलात तर थांबणार नाही. बरोबरच आहे. पण पाणी सोडतं कोण, का सोडतं, यावर एवढ्या लांबलचक ब्रीफिंगमध्ये चकार शब्द नाही. आणि खरी गोष्ट तर तीच आहे ना. हे पाणी मुळात कोकणातलं नाहीच, घाटावरचं आहे, मुळशी धरणातलं. मुळा नदी पूर्वेला पुण्याकडे जाणारी, तिचं पाणी अडवून सह्याद्रीच्या खाली भिऱ्याला आणतात, तिथे टाटांच्या वीजघरात १९२७ पासून वीज होतेय, आणि काम झालं की ते पाणी कुंडलिकेत. वीज कुणाला, तर मुंबईला. त्या धरणात मुळशीच्या मावळ्यांच्या भाताच्या जमिनी गेल्या, १९२१ चा मुळशी सत्याग्रह त्याचसाठी, त्याचे पुढारी सेनापती बापट, आणि ते नाव आपण दादरला रोडच्या पाटीवर वाचतो आणि पुढे जातो. आमचं गिरणगाव चाललं तेही घाटातल्या विजेवरच, खोपोलीची वीज १९१५ पासून गिरण्यांना यायची. आपण लाटांवर किंचाळतो त्या पाण्याने आधी आपल्याच घरचा पंखा फिरवलेला असतो, हे दोन मिनिटांत सांगता आलं असतं की नाही?

आमचा गाइड जवळच्याच गावचा पोरगा. चहाच्या टपरीवर गाठून विचारलं तर धडाधड बोलायला लागला. घरचं भात आणि भात कापल्यावर त्याच ओलीवर वाल. खाली डोलवहाळच्या बंधाऱ्यावरून कालवे निघतात म्हणून तिकडच्या गावांना उन्हाळी भातही घेता येतो, यांच्या वाडीला कालवा नाही. नदीला लागून असलेले तुकडे एकेक करून रिसॉर्ट आणि फार्महाऊसवाल्यांना गेले, गुरं पाण्यावर न्यायची वाट आता कोणाच्यातरी गेटच्या आत आहे त्यामुळे लांबून वळसा. मी म्हटलं मग राग नाही येत का, तर हसून म्हणाला, "दादा, हे राफ्टिंग नसतं तर मीपण तुमच्या लोकलला लटकत असतो." पोराला पाच स्टार, त्याला किती मिळतात ते मी विचारलं नाही.

तक्रारी. व्हिडिओचे पैसे वेगळे, हे बुकिंगला सांगत नाहीत, राफ्टमधून उतरल्यावर ओल्या कपड्यात सांगतात. पॅकेजमधलं जेवण म्हणजे रिसॉर्टचा बुफे, पनीर आणि गार नूडल्स, त्यासाठी रोह्यापर्यंत यायची गरज नाही. ब्रोशरमधली नितळ नदी हा फक्त वरचा पट्टा समजा, पुढे ती धाटाव एमआयडीसीजवळून रोहा करत रेवदंड्याला समुद्राला मिळते, आणि कारखान्यांच्या सांडपाण्याबद्दल तिथल्या मच्छीमारांची ओरड जुनी आहे.

जायचं असेल तर आदल्या रात्रीच पोचा, कारण पहाटे मुंबईहून निघून हायवेच्या भरवशावर राहण्यात अर्थ नाही (हायवेवर लिहायला बसलो तर वेगळा रिव्ह्यू होईल). वीजघर बंद असेल त्या दिवशी पाणी नाही, पाणी नाही तर राफ्टिंग नाही, तेव्हा रिफंडचं आधीच विचारून घ्या. आणि बुफे कॅन्सल करून गाइडलाच सांगा गावात कोणाकडे जेवण होईल का. आम्ही त्याच्या काकींकडे जेवलो, तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, सुकटीची चटणी, बुफेच्या निम्म्या पैशात. फक्त आदल्या दिवशी कळवा, वाल भिजवून मोड काढून सोलायचे असतात, आयत्या वेळी काकी करत नाहीत.