स्पायसर 18 ट्रान्सफर केस: जुन्या जीपला पाच गिअरचा बॉक्स टाकताना मी हीच का ठेवली

जुन्या सीजे थ्रीबी जीपला पाच गिअरचा बॉक्स टाकायचा विषय निघाला की सगळी चर्चा गिअरबॉक्स कुठला यावरच होते, ह्या गाडीचा घे, त्या गाडीचा नको, आणि ट्रान्सफर केसचं, म्हणजे गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या एक्सलला वाटणाऱ्या पेटीचं, कोणी नावच काढत नाही. मी म्हणतो उलटं करा. आधी गाडीखाली सरका आणि मागच्या एक्सलचा गोळा (डिफरन्शियल) कुठे आहे ते बघा. तो मधोमध नसून उजवीकडे सरकलेला असेल, म्हणजे आपल्याकडच्या गाडीत ड्रायव्हरच्या बाजूला, तर अर्धा निर्णय तिथेच झाला, कारण तो एक्सल स्पायसर 18 ह्या ट्रान्सफर केससाठीच बनलाय.

ही केस म्हणजे 1941 पासून विलीजच्या एमबीला, म्हणजे युद्धातल्या जीपला, होती तीच जात, काहीजण डेना 18 म्हणतात. पुढे सीजे टूए, थ्रीए, थ्रीबी, आणि महिंद्राच्या जुन्या जीपांनाही हीच. हिचं वैशिष्ट्य असं की पुढचा आणि मागचा दोन्ही प्रोपेलर शाफ्ट (केसपासून एक्सलकडे जाणारे) उजव्या बाजूनेच निघतात. गिअरबॉक्सच्या मेन शाफ्टवर एक गिअर, तो मधल्या इंटरमिजिएट गिअरला फिरवतो, आणि तो खालच्या आउटपुटला. म्हणजे टू व्हील हायमध्ये (फक्त मागची चाकं, नेहमीचा रेशो) डांबरी रस्त्यावर चाललात तरी सगळी ताकद त्या मधल्या गिअरमधूनच जाते. ह्या केसचे जे काही गुण आणि दोष आहेत ते बरेचसे ह्या एका गोष्टीतून येतात.

डेना 20 का नाही घेतली असं मला बऱ्याच जणांनी विचारलं. 20 ही 18 ची धाकटी बहीण, अमेरिकेत 1972 पासून सीजे फाइव्हला येऊ लागली, गिअरबॉक्सकडची बोल्टांची रचनाही मोठ्या भोकाच्या 18 सारखीच (भोकाचं खाली सांगतो), त्यामुळे ती बसते यात वाद नाही. पण तिचं मागचं आउटपुट मेन शाफ्टच्या सरळ रेषेत आहे आणि आपला गोळा उजवीकडे, म्हणजे शाफ्ट वरून खाली पण तिरका आणि डावीकडून उजवीकडे पण तिरका. 80 इंची व्हीलबेसच्या गाडीत मागचा शाफ्ट आधीच आखूड असतो, त्यात पाच गिअरचा लांब बॉक्स टाकला की केस मागे सरकते आणि शाफ्ट अजून आखूड होतो, अशा वेळी दोन्हीकडचा तिरकेपणा आला की शाफ्टचे क्रॉस (सांधे) टिकणार नाहीत आणि वेग धरला की गाडी थरथरणार. म्हणजे 20 घ्यायची तर मागचा एक्सलही मधोमध गोळ्याचा शोधा, तो बसवा, मग स्प्रिंगच्या खुर्च्या वेल्ड करा. शिवाय तिचा लो (चढ-चिखलासाठीचा जास्त ताकदीचा रेशो) 2.03 चा, आपल्या थ्रीबीच्या 18 चा 2.46. एवढं सगळं करून लो कमी ताकदीचा मिळवायचा हे मला तरी पटलं नाही.

डेना 300 मात्र खरंच भारी आहे, हे मनापासून सांगतो. 1980 ते 86 च्या सीजेंना होती, पूर्ण गिअरची, बिडाची बॉडी, लो 2.62. पण बोल्टांची रचना वेगळी, इनपुटला 23 स्प्लाइन (शाफ्टवरच्या खाचा), मागचं आउटपुट परत मधोमध, आणि आपल्याकडे ती मिळणार कुठे? बाहेरून मागवायची तर बिडाचं वजन आणि कस्टम, दोन्ही भरा. एनपी 231 ह्या केसबद्दल तर विचारूच नका, अ‍ॅल्युमिनियमची, आत चेन, लो 2.72 म्हणून मोह होतो, पण लांबीला मोठी आणि मागे स्लिप योक (शाफ्टचा सरकता सांधा), 80 इंची गाडीत तिला जागाच नाही.

एक सल्ला फार ऐकू येतो, जिप्सीची टाका म्हणे, ती वेगळी लटकते त्यामुळे अ‍ॅडॅप्टरची (बॉक्स आणि केस जोडणाऱ्या प्लेटची) कटकटच नाही. हे खरंय, जिप्सीची केस गिअरबॉक्सला जोडलेली नसते, मध्ये छोटा शाफ्ट असतो. पण जिप्सी किंगच्या केसचा हायच मुळात 1.409 चा आहे, सरळ एकास एक नाही. आपल्या थ्रीबीच्या एक्सलचा रेशो 5.38. गुणाकार करून बघा, 7.58 होतो. पाचवा गिअर ज्या कारणासाठी टाकतोय, म्हणजे वेगात इंजिन कमी फिरावं, तेच कारण गेलं, गाडी चाळीसला पण कोकलत राहील. जिप्सीत ती उत्तमच आहे कारण तिथले एक्सल तिच्या हिशोबाने दिलेत.

आता आकडे घेतलेच आहेत तर पूर्णच घेऊ. मूळ टी 90 गिअरबॉक्सचा पहिला 2.798, त्याला लोचा 2.46 आणि एक्सलचा 5.38 लावला की साधारण 37 येतात. पाच गिअरच्या बॉक्सचा पहिला समजा 4 च्या आसपास असेल तर हाच आकडा 53 च्या जवळ जातो, केसला हात न लावता. आणि वरच्या बाजूला पाचवा 0.8 चा धरला तर 5.38 चा एक्सल 4.3 चा असल्यासारखा चालतो. म्हणजे चढाला पण फायदा, हायवेला पण फायदा, आणि हे दोन्ही गिअरबॉक्सनेच दिलं. मग केस बदलून अजून काय मिळवायचंय? पैसे तिच्या रिपेअरीत घाला.

घेताना किंवा उघडताना काय बघायचं ते सांगतो, इथेच लोक फसतात. ह्या केसमध्ये इंटरमिजिएट शाफ्ट तीन जाडीचे आले. एमबीच्या काळात पाऊण इंची, मग एक इंच एक सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग), आणि नंतर सव्वा इंची. भंगारात बाहेरून तिन्ही केस जवळपास सारख्याच दिसतात. सव्वा इंचीच घ्या, डोळे मिटून. मला एका दुकानदाराने सव्वाचं किट सांगून एक सूतवालं पाठवलं, बेअरिंगच्या सुया दिसायला बरोबर वाटत होत्या पण मापच वेगळं, परत पाठवायला गेलो तर उघडलेलं पाकीट घेत नाही म्हणाला. त्यामुळे कॅलिपर लावल्याशिवाय पैसे देऊ नका. दुसरं, गिअरबॉक्सकडच्या तोंडाचं भोक. जुन्यांचं साधारण सव्वातीन इंचाच्या आतलं, नंतरच्यांचं 4 इंची. तुमचा अ‍ॅडॅप्टर कुठल्या भोकासाठी होतोय ते लेथवर जायच्या आधी ठरायला पाहिजे.

मिस्त्रींनी माझी केस टेबलावर उघडली तेव्हा सगळं ठीकच दिसत होतं, दात चांगले, काळे पडलेले नाहीत. मग त्यांनी तो मधला शाफ्ट ठोकून बाहेर काढला, फडक्याने पुसला आणि माझा अंगठा धरून त्यावर फिरवला. नख अडकत होतं. सुयांनी बारीक बारीक पन्हाळी पाडली होती, डोळ्याला चकाकीच दिसते पण नखाला कळतं. रस्त्यावर जो रडण्यासारखा आवाज येतो ना, तो बऱ्याचदा इथून येतो, आणि लोक बिचारे क्राऊन पिनियन (एक्सलच्या गोळ्यातले गिअर) बदलत बसतात. शाफ्ट, सुया, दोन्ही बाजूचे थ्रस्ट वॉशर हे सगळं एकदमच बदला, अर्धवट नको. आणि खालच्या आउटपुटला टेपर बेअरिंग आहेत, त्यांचा प्ले शिमने चार ते आठ थाऊ (इंचाचा हजारावा भाग) ठेवायचा असतो, डायल लावून. हाताने हलवून "बरोबर आहे साहेब" म्हणणारा मिस्त्री असेल तर नम्रपणे नमस्कार करून दुसरा शोधा.

अ‍ॅडॅप्टर हा खरा खर्चाचा आणि डोक्याला तापाचा भाग. टी 90 च्या मेन शाफ्टला मागे 6 स्प्लाइन असतात आणि केसचा ड्राइव्ह गिअर त्यावर बसून नटने आवळतो. नव्या बॉक्सच्या शाफ्टला वेगळ्या स्प्लाइन असणार, म्हणजे एकतर गिअर आतून बदलून घ्यायचा नाहीतर शाफ्ट बनवायचा. अमेरिकेत अ‍ॅडव्हान्स अ‍ॅडॅप्टर्ससारख्या कंपन्या तयार किट देतात पण ती तिथल्या गिअरबॉक्ससाठी, आपल्याला लेथवरच जावं लागतं. प्लेट जाड घ्या, आणि दोन्ही तोंडं एकमेकांना समांतर आणि भोकं एकाच सेंटरला आहेत याची खात्री गाडीत बसवायच्या आधी टेबलावर करा, कारण सेंटर हललं तर बेअरिंग खाणार आणि दोष सगळे बिचाऱ्या केसला देणार.

अजून एक गोष्ट, जी कोणी सांगत नाही आणि जिच्यासाठी मी हे मुद्दाम लिहितोय. थ्रीबीचा हँडब्रेक चाकांवर नसतो, तो ट्रान्सफर केसच्या मागच्या आउटपुटवरच्या ड्रमला असतो. स्पीडोमीटरची केबलही तिथूनच. दुसरी केस टाकलीत की दोन्ही गेले, आणि मग हँडब्रेक मागच्या चाकांवर नव्याने करायचा, तो पास करून घ्यायचा. घाटात उभी राहणारी गाडी आहे, हँडब्रेकशी तडजोड नको. 18 ठेवली की हा प्रश्नच येत नाही, फक्त मागचा ऑइल सील चांगला टाका, कारण तो गळला की तेल सरळ ब्रेकशूवर, आणि हँडब्रेक नावालाच.

वापरून कसं वाटतंय? वरंधा घाटात पावसाळ्यात खाली उतरताना लोला टाकून पहिल्या-दुसऱ्यात सोडली की ब्रेकला पाय लावायची वेळ फार कमी येते, आणि दोन वेगवेगळे दांडे असल्यामुळे पुढचा एक्सल आणि हाय-लो दोन्ही आपल्या हातात राहतात, हे मला फार आवडतं. काहीजण दोन रॉडच्या मधली इंटरलॉकची गोळी काढून टू व्हील लो मिळवतात, अरुंद जागी वळवायला मस्त, पण मग सगळा जोर एकट्या मागच्या एक्सलवर येतो हे लक्षात ठेवून हलक्या पायाने चालवायची. चिखलात, शेताच्या बांधावर, कुठेच हिने दगा दिलेला नाही.

आवाज मात्र आहे. नवा शाफ्ट, नव्या सुया टाकूनही साठच्या पुढे बारीक सूर लागतोच, तीन गिअर सतत फिरतात तर लागणारच. ज्याला गाडीत शांत गप्पा मारत कोल्हापूरला जायचंय त्याने मधोमध गोळ्याचा एक्सल आणि 300 चा खर्च करावा, त्याला माझा विरोध नाही. इंजिनही मोठं टाकणार असाल, जुन्या 72 हॉर्सपॉवरच्या हरिकेनऐवजी दुप्पट ताकदीचं डिझेल, तर एक्सलसकट सगळंच नव्याने मोजा, आणि आरटीओची परवानगी आधी.

गळतं का? थोडं, हो. इंटरमिजिएट शाफ्टच्या मागच्या टोकाकडून थेंब येतो, बसवताना तिथे सीलंट नीट लावलं तर बराच कमी होतो. गिअरबॉक्स आणि केसच्या मधला सील ढिला असेल तर एकीचं तेल दुसऱ्यात जातं, वरून काहीच कळत नाही. म्हणून दोन्हीचे लेव्हल प्लग एकाच वेळी उघडून बघा, एक भरून वाहतोय आणि दुसरा कोरडा असेल तर गाडी पुढे हलवू नका, आधी सील बदला.